ह्यांच्याऐवजी ह्या

अण्णा नगरातल्या त्या बंगल्याचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला, तेव्हा घरमालकिणीने एक गोष्ट आमच्यापासून लपवून ठेवली होती. त्या स्वतः मागच्या दोन खोल्यांत राहत, आणि पुढचा दिवाणखाना, खांबांचा व्हरांडा, झोपाळा आणि सागवानी कठड्याचा जिना त्यांनी एका मालिकावाल्या कंपनीला देऊन टाकला होता. आमचं सामान उतरत होतं तेव्हा व्हरांड्यात एक बाई भरजरी साडी नेसून ऊर बडवून रडत होती. मला वाटलं, घरात कोणी गेलं. मी चपला काढून, मान खाली घालून कोपऱ्यात उभी राहिले. तेवढ्यात कोणीतरी काहीतरी ओरडलं, आणि ती बाई पदराने घाम टिपून पुठ्ठ्याने वारा घेत वडा खाऊ लागली.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. माझ्या नवऱ्याची तिकडे तमिळ मुलखात, संरक्षण खात्याच्या कारखान्यात बदली झाली होती. मी घरी बसून भाषांतरं करायची. मिक्सर, पाण्याचे पंप, इस्त्र्या यांची माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत. त्या कामाला डोकं लागत नाही, शांतता मात्र लागते, आणि ती त्या घरात औषधालाही नव्हती.

घरमालकिणीला सगळे मामी म्हणत, मीही म्हणायचे. त्यांचं घराणं तंजावरच्या मराठ्यांबरोबर कधीकाळी तिकडे गेलेलं. त्यांची मराठी ऐकायला आधी गंमत वाटायची, मग सवय झाली. "जेवण जालें का?" असं विचारायच्या, आणि सगळं या शब्दाला "अस्के" म्हणायच्या. वाक्य मराठीत सुरू होऊन तमिळमध्ये संपायचं. मी तक्रार घेऊन गेले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "शूटिंग म्हणजे काय, चार माणसं येतात, रडतात, जातात. तुला काय त्रास?"

चार नव्हे, चाळीस माणसं यायची. जनरेटरची गाडी फाटकात उभी राहायची, जाड केबली जिन्यावरून जायच्या. पोरगेलासा एक सहायक वर येऊन सांगायचा, मिक्सर लावू नका, कुकरची शिट्टी नको, संडासची साखळी ओढू नका. काही महिन्यांनी मला कळलं की तिथला आवाज ते वापरतच नाहीत. सगळे संवाद नंतर स्टुडिओत, दुसऱ्याच माणसांच्या आवाजात भरतात. मी त्या सहायकाला विचारलं, मग माझ्या कुकरचा काय गुन्हा? तो म्हणाला, "डायरेक्टर सरांचा मूड जातो, मॅडम." त्या सरांचा मूड म्हणजे काय ते मी वरून रोज बघत होते. ते खुर्चीत झोपायचे.

मालिका होती एकत्र कुटुंबाची, आणि तिचा सगळा डोलारा थोरल्या सुनेवर. थोरली सून म्हणजे सोसणारी. सासू छळते ते सोसायचं, जाऊ विष कालवते ते सोसायचं, नवरा दुसरीकडे जातो तेही सोसायचं, आणि वर सगळ्यांसाठी उपास करायचे. संध्याकाळी मालिका लागली की आमच्या गल्लीत भाजीची गाडीसुद्धा थांबायची. शिकल्यासवरलेल्या बायका, बँकेत अधिकारी असलेल्या, दुसऱ्या दिवशी त्या सुनेविषयी अशा बोलायच्या की जणू सख्खी भाचीच अडचणीत आहे.

ती थोरली सून करणारी मुलगी हुबळीकडची. आई मराठी, वडील कानडी. पहिल्या दिवशी ऊर बडवणारी ती हीच. एकदा मी नवऱ्याला मराठीतून फैलावर घेत होते ते तिने जिन्यावरून ऐकलं, आणि जेवणाच्या सुट्टीत दार वाजवलं.

"वहिनी, तुमच्याकडे शेंगदाण्याची चटणी असेल का हो? इथे रोज सांबार खाऊन जीभ मेली माझी."

त्या दिवसापासून ती दुपारी माझ्याकडेच जेवायची. मागच्या लोखंडी जिन्याने वर यायची, दागिने उतरवून माझ्या शिलाई मशीनवर ठेवायची आणि भरजरी साडीवर टॉवेल पसरून भाकरी खायची. तिला तमिळ अजिबात येत नसे. कॅमेऱ्याच्या बाजूला एक माणूस कागद धरून वाक्य वाचायचा, आणि ती त्याच्यामागून ओठ हलवायची. "आज कशासाठी रडलीस?" असं मी विचारलं की ती म्हणायची, "सासरे वारले बहुतेक. किंवा मदुरैला गेले. त्याने 'रडा' म्हटलं, मी रडले." पण रडायची खरं. खोटं रडणं आणि खरं रडणं मला कळतं, आणि ती समोरच्या माणसाचं एक अक्षर न समजता त्याच्याकडे अशी बघायची की मी गॅलरीत काम सोडून उभी राहायचे. तमिळ येणारे बाकीचे नट त्या वेळी स्वतःच्या मिशा आरशात बघत असत.

देवळात गेली तर बायका तिला गराडा घालायच्या. लग्न ठरलेल्या मुलींच्या आया मंगळसूत्राला तिचा हात लावून न्यायच्या. स्वतः तिचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. नंतर तिने एका सॉफ्टवेअरवाल्या मुलाशी लग्न केलं, वेलचेरीला फ्लॅट घेतला, आणि वर्षभरात दिवस राहिले.

तिने लपवलं नाही. तिने कंपनीच्या मॅनेजरला स्वतः जाऊन सांगितलं. मॅनेजर म्हणजे सफारी घालणारा, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि तोंडात सतत साखर. त्याने पेढे मागवले, युनिटला वाटले आणि म्हणाला, "मॅडम, कथेतही गोड बातमी घेऊ. तुम्ही आमच्या घरची लक्ष्मी." ती मला सांगताना आनंदाने रडली. मी म्हटलं, "लिहून घेतलंस का काही?" ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही फार संशयी आहात."

ती आठवडाभर माहेरी डोहाळजेवणाला गेली. परत आली ती नेहमीसारखी मागच्या जिन्याने वर, हातात हुबळीचे पेढे. आम्ही बोलत होतो आणि खालून तो वाचणारा माणूस थोरल्या सुनेची वाक्यं वाचत होता. तिला आता निदान स्वतःची वाक्यं आवाजावरून ओळखता येत होती. ती उठून आतल्या जिन्याच्या कठड्याशी गेली आणि खाली वाकून पाहिलं. झोपाळ्यावर एक बाई बसली होती. हिचीच हिरवी साडी, हिच्याच पद्धतीने माळलेला गजरा.

मी मॅनेजरला वर बोलावलं. तो आला तो हात जोडूनच.

"मॅडम, तुम्हाला फोन लागत नव्हता."

"माझा फोन चालू होता," ती म्हणाली.

"चॅनेलचा निर्णय आहे. माझ्या हातात असतं तर..." असं म्हणून त्याने वर छताकडे पाहिलं, जणू चॅनेल माझ्या पंख्याला लटकलं होतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक विनंती होती. शूटिंगचं मंगळसूत्र तुमच्याकडे राहिलंय. कंटिन्युइटीचा प्रश्न येतो, आधीच्या भागांत तेच दिसलंय."

पोटुशी बाई समोर उभी आहे, चार वर्षं हिच्या अश्रूंवर तुमची गाडी-घोडी चालली, आणि तुम्हाला खोटं मंगळसूत्र पाहिजे. मी हे त्याला मराठीत, मग हिंदीत, मग मोडक्या तमिळमध्ये ऐकवलं. त्याने तिन्ही भाषांना मान डोलावली. तिने पर्समधून ते मंगळसूत्र काढलं, त्याच्या तळहातावर ठेवलं, आणि मला म्हणाली, "वहिनी, मला रिक्षा बघून द्या."

तो भाग लागला तेव्हा मी आणि मामी मागच्या खोलीत बसलो होतो. आदल्या भागात थोरली सून हातात दुधाचा पेला घेऊन जिना चढताना दाखवली होती. आता पडद्यावर एक पाटी आली. डावीकडे हिचा फोटो, उजवीकडे नवीचा, मधे तमिळमध्ये लिहिलेलं: ह्यांच्याऐवजी ह्या. बस्स. सरकारी कचेरीत खिडकी बदलल्याची सूचना लावतात तशी. आणि मग नवी बाई तोच पेला घेऊन जिना उतरली. वर गेली ती एक, खाली आली ती दुसरी, आणि खाली उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने विचारलं, एवढा उशीर का झाला?

आवाज मात्र तोच होता. आवाज देणारी बाई वेगळीच, ती कधी आमच्या घरी आलीच नव्हती. म्हणजे लोक ज्या आवाजावर जीव टाकत होते तो आधीही हिचा नव्हता.

मामी संतापल्या. "असें करतात का माणसास? उद्यांपासून ह्या घरांत शूटिंग नाही. मी सांगतें त्यांना." दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर त्यांच्यासाठी फळांची टोपली घेऊन आला, आणि दुपारी मी पाहिलं तर मामींच्या देवघराबाहेरचा पडवीचा भागही कंपनीला मिळाला होता. मी बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलगी तर गेली. घर इथेंच आहे. त्याला मी काय करूं?" हा युक्तिवाद मी नंतर अनेक मोठ्या माणसांकडून ऐकला, पण इतक्या कमी शब्दांत नाही.

आमच्या मराठी बायकांच्या भिशीतही त्या आठवड्यात शोककळा होती. नवी आम्हाला मुळीच चालणार नाही, आम्ही बघणंच बंद करणार, असं ठरलं. पुढच्या भिशीला एकजण म्हणाली, "पण हिचे डोळे मोठे आहेत, नाही?" त्याच्या पुढच्या भिशीला पहिलीचा विषयही निघाला नाही.

दुसरी थोरली सून स्वतःची खुर्ची आणि स्वतःचा छत्रीवाला घेऊन यायची. तिला वाटायचं की ही मालिका म्हणजे सिनेमाच्या वाटेवरचा एक बसस्टॉप. बस आली, ती चढून गेली. तो सिनेमा काही लागला नाही. पुन्हा पाटी. तिसरी जेमतेम कॉलेज सोडलेली पोर. तोवर कथेत थोरल्या सुनेचा मुलगा लग्नाच्या वयाचा झाला होता, आणि तो करणारा नट हिच्यापेक्षा वयाने मोठा. हिच्या कानशिलांना पांढरा रंग लावून तिला त्याची आई केली. कॅमेरा चालू असला की तो तिच्या पाया पडायचा आणि बंद झाला की तिच्याकडे सिगारेटसाठी काडेपेटी मागायचा. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत व्हायचं, आणि संध्याकाळी त्याच दृश्यावर आमची गल्ली डोळे पुसायची.

पहिलीशी माझं येणंजाणं चालू राहिलं. तिला मुलगी झाली. वेलचेरीच्या त्यांच्या इमारतीच्या हॉलमध्ये ती लहान मुलींना नाच शिकवायची. लहानपणी ती शिकली होती. शेजारणींच्या नादाने तमिळही शिकली, आणि शिकली ती चांगलीच. मी बस आणि मग शेअर ऑटो करून जायचे. पावसाळ्यात त्यांच्या गल्लीत गुडघाभर पाणी, तेव्हा ती वरून ओरडायची, "वहिनी, आज नका येऊ, पोहत यावं लागेल." मालिकेचं नाव ती काढत नसे. मीही नाही.

मग एक दिवस मॅनेजर वर आला. सफारी तीच, पोट वाढलेलं. तिसरी लग्न करून सिंगापूरला चालली होती आणि मालिका कोणी बघत नव्हतं.

"जुन्या मॅडमचा नंबर हवा होता," तो म्हणाला.

"कुठल्या जुन्या? तुमच्याकडे जुन्यांचा साठा आहे."

"पहिल्या. चॅनेल म्हणतंय, लोकांना त्याच आठवतात. आमच्याकडचा नंबर हरवला."

मी नंबर दिला नाही. पण तिला फोन करून सांगितलं, आणि वर म्हटलं, "अजिबात जाऊ नकोस. थुंक त्यांच्यावर."

ती म्हणाली, "मी जाईन, वहिनी. त्यांच्यासाठी नाही. मी दूध घेऊन वर गेले होते, ती खाली आलेच नाही. ते मला अजून टोचतं."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण टोचणं तिचं होतं.

तिने एक अट घातली की आता मला तमिळ येतं, तर माझा आवाज मीच देणार. मॅनेजर म्हणाला, तेवढं नको, लोकांना आवाजाची सवय आहे. म्हणजे चेहरे कितीही बदला, आवाजाला धक्का नको. तिने तेही मान्य केलं. दिग्दर्शकही आता नवा होता, कालचं पोर. त्याने पहिल्या दिवशी तिला समोर बसवून समजावलं, "ही बाई कशी आहे सांगू? सोशिक. आतल्या आत जळणारी." ती पापणी न हलवता ऐकत होती. मी जिन्यावरून पाहत होते. तिने शेवटी "थँक्यू सर" म्हटलं.

आणि पाटी आली. डावीकडे सिंगापूरवाली, उजवीकडे ही. ह्यांच्याऐवजी ह्या. ही मुळातली आहे, परत आली आहे, असा एक शब्दही नाही. त्यांच्या हिशेबी ती चौथी.

त्याच आठवड्यात कोणाकडे तरी हळदीकुंकू होतं. एक बाई, जिने चार वर्षांपूर्वी हिच्यासाठी जेवण टाकलं होतं असं स्वतःच सांगायची, ती म्हणाली, "ही नवी काही शोभत नाही बाई. थोराड वाटते."

मी म्हटलं, "ही नवी नव्हे. पहिली तीच ही."

"छे. पहिली उंच होती."

"मी ओळखते तिला. माझ्याकडे जेवायची."

"अहो, पहिलीचं रडणं काय होतं. ही नुसतं तोंड वेडंवाकडं करते," असं म्हणून तिने माझ्या वाटीत करंजी ठेवली. बाकीच्या बायकांनी तिला दुजोरा दिला. त्या दिवसापासून मी प्रेक्षक या प्राण्याचा विचार करणं सोडून दिलं. मामीसुद्धा, ज्यांनी तिला रोज मागच्या जिन्याने चढताना पाहिलं होतं, टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "मुलगी तीच गं. पण ती अशी नव्हती."

मी हे तिला सांगितलं नसतं, पण तिच्या कानावर आलंच होतं. देवळात एका बाईने तिला थांबवून सांगितलं होतं, तुम्ही पहिल्या बाईंकडून शिका जरा. तिने हे सांगितलं आणि हसली. पण त्या दुपारी भाकरी अर्धी तशीच टाकली.

काही महिन्यांनी तिने नोटीस दिली. नीट, महिना आधी, लेखी. आणि मागणी केली की या वेळी थोरल्या सुनेला मारा. मेलेल्या माणसाच्या जागी कोणाला बसवता येत नाही, असा तिचा हिशेब. मॅनेजर आनंदाने तयार झाला. मरणाचा आठवडा लोक हमखास बघतात.

अडचण मामींनी आणली. तिचा फोटो भिंतीवर लावून त्याला हार घालायचा होता. मामी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "जित्या सवाष्णीच्या फोटोस हार? माझ्या घरांत? नाही चालायचें." मॅनेजरने साखर पेरली, फळं आणली, दिग्दर्शकाने पाय धरले. मामी हलल्या नाहीत. शेवटी ठरलं की हार घालायचा, दृश्य घ्यायचं, आणि लगेच काढून फोटो उलटा करायचा. तेवढं झाल्यावर मामींनी तिला समोर बसवून मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. त्या घराच्या खालच्या मजल्यावर इतक्या वर्षांत तिच्यासाठी कोणी काही केलं असेल तर ते एवढंच.

मरणाचं दृश्य दिवाणखान्यात झालं. ती चटईवर डोळे मिटून पडली होती, भोवती सगळं खोटं कुटुंब. धाकटा मुलगा करणारा नवा नट परप्रांतातला. वाचणाऱ्याच्या मागून म्हणताना तो एक शब्द सारखा चुकत होता आणि अर्थ भलताच होत होता. पुन्हा घेतलं, पुन्हा चुकला. तेव्हा प्रेताने डोळे न उघडता तो शब्द स्वच्छ तमिळमध्ये उच्चारून दाखवला. मग त्याने तो बरोबर म्हटला आणि दृश्य संपलं. ती उठली, तोंड धुतलं, मॅनेजरला म्हणाली, "येते," आणि पुढच्या दाराने गेली.

मालिकावाल्यांनी काय केलं? दीड-दोन महिने दुःख दाखवलं. मग लोक कंटाळले, तेव्हा एका गावात थोरली सून जिवंत सापडली. जाळलं ते प्रेत दुसऱ्याच बाईचं होतं म्हणे. सापडली ती अर्थात नव्या चेहऱ्याने, आणि पुन्हा पाटी. मी रागाने तिला फोन केला. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता.

"बरं," ती म्हणाली. "वहिनी, नंतर बोलू का? मुली उभ्या आहेत माझ्या."

त्याच वर्षी तिच्या नाचाच्या वर्गातल्या मुलींचा कार्यक्रम होता, त्यांच्याच इमारतीत. मी आणि नवरा गेलो होतो. आठ मुलींचा एक समूहनाच बसवला होता. सकाळी त्यातल्या एकीला ताप भरला. त्या मुलीच्या आईनेच सुचवलं की अमकीच्या मुलीला माझ्या मुलीचा पोशाख होतो, तिला उभी करा, पाय हलवले तरी पुरे, कोणाला कळतंय. दुसरी मुलगी तयारही होती, वेणीत फुलं माळून.

नाच बसवणारी ती मात्र नाही म्हणाली. भांडली नाही, कारण सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "तिची जागा तशीच राहू दे."

नाच झाला. सात मुली नाचल्या, आणि त्यांच्या मधे एक मोकळी जागा त्यांच्याबरोबर फिरत राहिली. उजवीकडची मुलगी हात पुढे करायची तो रिकाम्या हवेत, आणि तरीही बरोबर तालावर मागे घ्यायची. त्या मुलींनी एकदाही ती जागा भरून काढली नाही. ती स्वतः बाजूला उभी राहून टाळ धरत होती.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ होते, कुठल्याशा मोटार कंपनीतले, आपल्याकडचेच. ते बायकोकडे वळून मोठ्याने म्हणाले, "मधे एक मुलगी कमी आहे. बाईंनी नीट बसवलेलं नाही." बायकोने मान डोलावली.